प्रयोगशाळा व कर्मशाळा : नागपूरच्या शाळांतील शास्त्रीय व धंदेशिक्षणाचीं साधनें

१. सनद, महजर, निवाडपत्र किंवा एखाद्या बखरीचें सुटें पान हातीं लागलें तर संग्राहक तें रुमालांत बांधून जपून ठेवितो. परंतु एखाद्या जुन्या हायस्कुलाची प्रयोगवही, साहित्याची नोंदवही अथवा सुतारकामाच्या वर्गाचा जमाखर्च त्याच्या पुढ्यांत आला, तर ते कागद रद्दीचेच समजले जातात. नागपुरांतील एका लहानशा शाळेची अडगळीची खोली रिकामी होत असतां असे गठ्ठे तराजूंत पडतांना आम्हीं स्वतः पाहिले आहेत. शाळेचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. कारण हा दोष एका शाळेचा नसून इतिहासाचें साधन कशास म्हणावें याविषयींच्या आम्हां सर्वांच्या समजुतीचा आहे.

प्रस्तुत टिपणाचा हेतु दुहेरी आहे. नागपुरांत शास्त्र व धंदा हे दोन विषय शाळेच्या दारापर्यंत कोणत्या क्रमानें आले हें ज्ञात सनावळीवरून दाखवावयाचें. आणि ते दाराच्या आंत कितपत शिरले याचा निर्णय करण्यास कोणते कागद उपयोगीं पडतील हें संग्राहकांपुढें मांडावयाचें. या विषयासंबंधानें दोन मतें सामान्यतः ऐकूं येतात. इंग्रज सरकारला कारकून पाहिजे होते, म्हणून शाळांत हातांचें शिक्षण आलें नाहीं, हें एक. आमच्या पांढरपेशा समाजालाच हातकामाची लाज वाटत होती, हें दुसरें. दोहोंत तथ्यांश आहे. परंतु सनावळी नीट लाविली असतां तिसरेंच एक कारण पुढें येतें, असें आम्हांस वाटतें.

२. आरंभ स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यापासून करणें प्राप्त आहे. हा गृहस्थ इ. स. १८४५ त नागपुरास आला व १८४६ त त्यानें येथें शाळा घातली. त्या वेळीं गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. राज्य खालसा होण्यास अद्याप ८ वर्षांचा अवकाश होता. म्हणजे नागपुरांतील या नव्या धर्तीच्या शाळेचा जन्म इंग्रजी अमलांतला नसून भोसलेशाहींतला आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

हिस्लॉपला दगडांचा नाद होता. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह तो नागपूरच्या आसपास हिंडे. शहरालगतच्या टाकळी येथें ज्वालामुखीच्या खडकांच्या थरांमध्यें दबलेल्या मातींत त्यांस अश्मीभूत फळें, बीजें व शिंपले सांपडले. या दोघांचा नागपूरच्या भूगर्भावरील निबंध १८५४ त लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सभेपुढें वाचला गेला व १८५५ त तिच्या त्रैमासिकांत छापला गेला. चांदा प्रांतांतील पिसदुरा येथील प्रचंड प्राण्यांच्या अस्थींकडेही त्यानेंच शास्त्रज्ञांचें लक्ष वेधिलें. एका हिरवट खनिजास ‘हिस्लोपाइट’ असें त्याचें नांव मिळालें. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटाकडील शिलावर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत त्याचा अंत झाला. त्याच टाकळघाटचें शास्त्रशुद्ध उत्खनन पुढें १९६८ च्या सुमारास डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखालीं नागपूर विद्यापीठानें केलें. तेव्हां आमच्या वाचकांस हिस्लॉप अगदींच परका नाहीं.

परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें मुद्दा निराळा आहे. दगड नागपूरचा, तो शोधणारा नागपूरच्या शाळेचा शिक्षक. पण शोध वाचला गेला लंडनांत आणि नमुनेही बहुतांशीं तिकडेच गेले. शाळेंत जें राहिलें तें पुस्तक. नमुना एकीकडे व पुस्तक दुसरीकडे, ही जी ताटातूट येथें प्रथम दिसते तीच पुढील पाऊणशें वर्षांत अनेक रूपांनीं पुनः पुनः दृष्टीस पडते.

त्याच १८६३ सालीं चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दींत नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झालें. लोकांनीं त्यास ‘अजब बंगला’ हें नांव दिलें, आणि तें आजतागायत चालत आहे. नांवांतच लोकांची भावना उतरली आहे : वस्तु आश्चर्यानें पाहून घरीं जावयाच्या होत्या, हातांत घेऊन तपासावयाच्या नव्हत्या.

३. आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. धंद्याचें शिक्षण नागपुरांत नव्हतें असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं. कोष्ट्याचा मुलगा मागाच्या खड्ड्याशीं बसून सूत भरण्यापासून किनार उतरविण्यापर्यंत सर्व कांहीं बापाच्या हाताखालीं शिके. सुतार, लोहार, तांबट, रंगारी यांच्या घरींही तीच रीति होती. नागपुरी उपरणीं व रेशीमकांठी लुगडीं ज्या हातांनीं विणलीं त्यांस शाळेची जरुरी पडली नव्हती. १८६७ त रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. यंत्रापुढील नवा कारागीरही यंत्रापाशींच तयार झाला. घर काय किंवा गिरणी काय, धंदा शिकण्याचें स्थान शाळेच्या बाहेरच राहिलें.

मध्यप्रांताची निर्मिति १८६१ त झाली आणि तेथें सरकारी शिक्षणखात्याची व्यवस्था लागली, त्या वेळीं हीं दोन जगें एकत्र आणण्याची संधि होती. १८८२ च्या हंटर कमिशननें तर स्पष्ट शिफारस केली कीं, हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्यात. एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी व दुसरी व्यापारधंद्यास उपयोगीं पडणारी. शिफारस चांगली होती. परंतु पहिल्या शाखेच्या टोंकाला परीक्षा होती, प्रमाणपत्र होतें व नोकरी होती. दुसरीच्या टोंकाला यांपैकीं कांहींच निश्चित नव्हतें.

ही परीक्षा तरी कोठली? नागपूरचीं कॉलेजें प्रथम कलकत्ता विद्यापीठाशीं व १९०४ च्या कायद्यानंतर अलाहाबाद विद्यापीठाशीं जोडलेलीं होतीं; नागपूरचें स्वतःचें विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजीं अस्तित्वांत आलें. शेंकडों कोसांवरील परीक्षकाला महाल किंवा इतवारींतील मुलाचा रंधा सरळ चालतो कीं नाहीं हें कसें कळावें? त्याच्यापर्यंत पोंचत असे ती केवळ उत्तरपत्रिका. जें कागदावर उतरेल तेवढेंच मोजलें जाणार, आणि जें मोजलें जाणार तेवढेंच शिकविलें जाणार, हा न्याय येथें अटळ होता. हेंच तें तिसरें कारण होय. सरकारचा हेतु आणि समाजाची लाज हीं दोनही बलवान् खरीं. पण त्यांस रोजच्या व्यवहारांत अमलांत आणणारें यंत्र म्हणजे लेखी परीक्षा.

४. यानंतरच्या संस्थांची सनावळी पाहिली म्हणजे वरील विधानास पुष्टि मिळते. १८८३ त हिस्लॉप कॉलेज, १८८५ त मॉरिस कॉलेज. १८८८ त शेतकीचा वर्ग, व १९०६ त त्याचेंच शेतकी कॉलेज. त्याच १९०६ त व्हिक्टोरिया सायन्स कॉलेज, जें आज शासकीय विज्ञान संस्था म्हणून ओळखलें जातें. १९१४ त इंजिनिअरिंग स्कूल, ज्याचें पुढें शासकीय तंत्रनिकेतन झालें. तीस वर्षांच्या आंत शास्त्र व धंदा यांसाठीं एवढ्या संस्था निघाल्या ही लहानसहान गोष्ट नव्हे. एवढें असतां कारकुनापलीकडे सरकारला कांहीं नकोच होतें असें सरसकट म्हणवत नाहीं.

पण या संस्थांची जागा पाहावी. प्रत्येक संस्था हायस्कुलाच्या वर तरी आहे किंवा बाजूला तरी आहे. शास्त्र मॅट्रिक झालेल्यासाठीं. हत्यार ज्यानें कॉलेजची वाट सोडली त्यासाठीं. मधलें लहान हायस्कूल हा केवळ जिना. जिन्यावर कोणी मुक्काम करीत नाहीं.

खाणींच्या संपत्तीची कथाही अशीच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं नागपूर जिल्ह्यांत मनसर, कांद्री वगैरे ठिकाणीं मॅंगनीजचें उत्खनन सुरू झालें. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे १९३० त वारले. त्यांनीं आपल्या मृत्युपत्रान्वयें सुमारें ३५ लक्ष रुपयांची संपत्ति उपयोजित शास्त्रांच्या शिक्षणासाठीं नागपूर विद्यापीठास दिली. तीवर १९४२ त लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. नागपूरच्या भूमींतून निघालेलें द्रव्य नागपूरच्याच रसायनशास्त्राकडे वळलें, हें दान खरोखर थोर होय. तेल, रंग व रसायनें यांच्या कारखान्यांस माणसें पुरविणारी ही संस्था कॉलेजच्या पायरीवरची होती. गल्लींतील हायस्कुलाच्या कपाटांत त्यामुळें एखादी परीक्षानळी वाढली, असें घडण्याचें कारण नव्हतें.

५. या दोन प्रवाहांस एकत्र आणण्याचा अत्यंत निर्धाराचा प्रयत्न नागपुरापासून जवळच, वर्ध्यास झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं मारवाडी विद्यालयांत गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, मातृभाषा हें माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोंवतीं सर्व शिक्षणाची गुंफण, व त्या उत्पन्नांतून हळूहळू शिक्षकाच्या वेतनाची सोय, असे चार ठराव झाले. डॉ. झाकिर हुसेन समितीनें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अभ्यासक्रमाचा अहवाल सादर केला.

त्या अहवालांतील दिवसाचें वेळापत्रक हा एक बोलका दस्तऐवज आहे. मूलोद्योग ३ तास २० मिनिटें. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटें. मातृभाषा ४० मिनिटें. समाजशास्त्र व सामान्यविज्ञान मिळून ३० मिनिटें. व्यायाम १० मिनिटें. सुटी १० मिनिटें. एकूण ५॥ तास, म्हणजे ३३० मिनिटें. पैकीं २०० हातांस, आणि शास्त्राच्या वांट्यास ३० मधला एक भाग. योजकांचें म्हणणें असें कीं, शास्त्र वेगळें शिकवावयाचेंच नाहीं. कापूस वेंचतांना वनस्पतिशास्त्र, टकळी फिरवितांना यंत्रशास्त्र, सूत मोजतांना गणित, अशा समवायानें तें शिकवावयाचें. कल्पना सुंदर होती, आणि ज्या शिक्षकास कापूस व शास्त्र हीं दोनही ठाऊक होतीं त्याच्या हातीं ती सफळही होणारी होती. परंतु असा शिक्षक तयार करण्याचें काम मागाहून होणार, आणि वेळापत्रक मात्र आधीं लागू होणार, अशी ती अडचण होती.

आणखी एक गोष्ट. ही योजना ७ ते १४ वयाच्या मुलांची. हायस्कूल तींत येत नव्हतें. म्हणजे शास्त्र वरून निघून गेलें, हस्तव्यवसाय खालून आला, आणि आमचें लहान हायस्कूल पुनः मध्येंच राहिलें.

६. भाषेच्या बाजूनेंही नागपूरचा इतिहास महत्त्वाचा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचें कार्य १९१६ च्या सुमारास नागपुरांतच सुरू झालें; त्याच्या प्रस्तावनाखंडांत ‘विज्ञानेतिहास’ हा एक स्वतंत्र विभाग आहे. १९४६ च्या सुमारास नागपूर विद्यापीठानें कॉलेजांतही हिंदी व मराठी हीं माध्यमें आणण्याचें ठरविलें, आणि त्याच सुमारास डॉ. रघुवीर नागपुरास येऊन परिभाषेच्या कार्यास लागले. त्यांच्या परिभाषेंत ऑक्सिजन म्हणजे जारक, हायड्रोजन म्हणजे उदजन, नायट्रोजन म्हणजे भूयाति, कार्बन म्हणजे प्रांगार. मराठी ग्रंथांत तर प्राणवायु, नत्रवायु व कर्ब हे शब्द आधींपासून रुळलेले होते.

कोशांत कोणता शब्द आहे हें कोणीही सांगेल. शाळेच्या फळ्यावर कोणता शब्द होता हें मुलाच्या प्रयोगवहीवांचून कळणार नाहीं. एकाच ओळींत ‘प्राणवायु’ आणि ‘ऑक्सिजन’ दोनही येतात, कीं एक खोडून दुसरा लिहिला आहे, कीं शिक्षकानें तांबड्या शाईनें तिसराच सुचविला आहे, अशा पाहणींतून परिभाषेचा खरा इतिहास लिहितां येईल.

७. स्वातंत्र्यानंतरचा काळ आम्ही संक्षेपानेंच सांगतों. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानें बहुउद्देशीय शाळा सुचविल्या. १९५६ त नागपूर मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आलें. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभव सांगितला. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीनें त्यालाच समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटलें. हस्तव्यवसाय, मूलोद्योग, कार्यानुभव, समाजोपयोगी कार्य, पूर्वव्यावसायिक शिक्षण, अशी नांवांची ही परंपरा एखाद्या वंशावळीप्रमाणें मांडण्याजोगी आहे. ज्या तासाचें नांव वारंवार बदलतें त्या तासाचें आसन स्थिर नाहीं, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

यास एक अपवाद घडला, आणि आमच्या प्रतिपादनाच्या दृष्टीनें तो फार मोलाचा आहे. १०+२+३ ही रचना आल्यावर महाराष्ट्रांत १९७८-७९ पासून उच्च माध्यमिक स्तरावर द्विलक्षी अभ्यासक्रम सुरू झाले. शास्त्रशाखेचा विद्यार्थी एका भाषेच्या व आणखी एका विषयाच्या जागीं इलेक्ट्रॉनिक्स किंवा तत्सम २०० गुणांचा व्यावसायिक विषय घेऊं शके, आणि ते गुण परीक्षेच्या एकुणांत धरले जात. या विषयांस विद्यार्थ्यांची वाण पडली नाहीं. उलट ज्या घरांतील वडिलधाऱ्यांनीं कधीं पक्कड हातीं धरली नव्हती त्या घरांतील मुलें तारा जोडूं लागलीं. हातकामाची लाज हेंच जर मूळ कारण असतें तर हें घडतें ना. यावर कोणी म्हणेल, तीं मुलें कसबासाठीं आलीं नाहींत, गुणांसाठीं आलीं, व पुढें सरळ इंजिनिअरिंगकडे गेलीं. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु त्यानें आमचें म्हणणें खोडलें न जाता दृढच होतें : मोजणी बदलतांच वर्ग भरला. १९८८-८९ त सुरू झालेल्या किमान कौशल्याच्या अभ्यासक्रमांकडे किंवा २०२० च्या राष्ट्रीय धोरणांतील सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं सांगितलेल्या दप्तराविना दहा दिवसांकडेही याच कसोटीनें पाहावें लागेल.

८. आतां साधनांविषयीं. हें टिपण लिहिण्याचें खरें प्रयोजन येथेंच आहे. अभ्यासक्रम, अहवाल व ठराव हीं सर्व इच्छेचीं साधनें होत. कृतीचीं साधनें शाळेच्या खोलींत असतात. तीं वाचण्याच्या कांहीं खुणा आम्ही खालीं देतों.

पहिली प्रयोगवही. तिचें एक पान रेघांचें व समोरचें कोरें असतें. रेघांच्या पानावर कृति व निरीक्षणें, कोऱ्यावर पेन्सिलीची आकृति. एका वर्गाच्या पांच-सहा वह्या एकत्र मिळाल्यास त्यांतील निरीक्षणांचे आंकडे ताडून पाहावेत. लंबकाच्या प्रयोगांत सर्व मुलांची आंदोलनें शेवटच्या दशांशापर्यंत एकच निघालीं असतील, तर लंबक हाललाच नाहीं असें समजावें. बनावट सनद तिच्या बिनचूकपणावरून ओळखतात, तसाच हा प्रकार आहे. जींत खाडाखोड आहे, आम्लाचा डाग आहे, कडा जळली आहे, ती वही अस्सल. शिक्षकाच्या सहीची तारीखही पाहावी. दहा प्रयोगांखालीं एकच तारीख असेल तर ती तपासणी परीक्षेच्या आदल्या दिवसाची आहे.

दुसरी साहित्याची नोंदवही, जिला शाळेंत डेडस्टॉक म्हणतात. तींतील फुटीचा व निर्लेखनाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ज्या प्रयोगशाळेंत दहा वर्षांत एकही नळी फुटली नाहीं ती प्रयोगशाळा कुलुपांत होती. उलट स्पिरिट, गंधकाम्ल, लिटमसचे कागद यांची खरेदी दरसाल वाढत असेल तर तेथें मुलांचे हात चालत होते. करवती, रंधे, पटाशी यांचेंही तसेंच : झिजून बाद झालेलें हत्यार हा शिक्षणाचा पुरावा, कोरें राहिलेलें हत्यार हा केवळ खरेदीचा पुरावा.

तिसरें वेळापत्रक व शाळातपासनीसांचे शेरे. धंद्याचा तास शनिवारीं शेवटला आहे काय, परीक्षा जवळ येतांच तो गणितास दिला जातो काय, त्या तासास नेमलेला शिक्षक सुतार आहे कीं ज्यास अन्य विषय उरला नाहीं असा गृहस्थ आहे, या गोष्टी तेथें उघड होतात.

चौथें, हे सर्व कागद एकमेकांपासून तोडूं नयेत. सुंदर आकृत्यांची एक वही काढून घेऊन बाकीचा गठ्ठा टाकून देणें म्हणजे शिक्क्याचा तुकडा कापून पत्र जाळण्यासारखें आहे. एका वर्षाची वही, त्याच वर्षाची नोंदवही व त्याच वर्षाचें वेळापत्रक हीं तीन एकत्र असलीं तरच साक्ष पुरी होते.

९. सारांश, टाकळीच्या अश्मीभूत बीजांपासून द्विलक्षी वर्गापर्यंत नागपुरास शास्त्राची वाण नव्हती, कसबाची नव्हती, द्रव्याची नव्हती आणि विचारांची तर नव्हतीच. वाण होती ती या चारांस एका खोलींत, एका तासांत व एका गुणपत्रिकेंत बसविणाऱ्या व्यवस्थेची. हें आमचें अनुमान संस्थांच्या सनावळीवर उभें आहे. तें खरें कीं खोटें हें ठरविणारी साक्ष शहरांतल्या जुन्या हायस्कुलांच्या माळ्यांवर पडलेली आहे, आणि दर उन्हाळ्यांत शाळा झाडल्या जातात तेव्हां तींतील कांहीं भाग कायमचा नष्ट होत आहे. कदाचित् एखाद्या शाळेच्या कागदांत असा शिक्षक सांपडेल, ज्यानें परीक्षेची पर्वा न करितां सुताराच्या पट्टीवर तरफेचा नियम शिकविला. तसा एक जरी सांपडला तरी आमचें अनुमान तितक्यापुरतें मागें घेण्यास आम्हांस आनंदच होईल.

नागपूर व वऱ्हाडांतील संग्राहकांनीं आपापल्या गांवच्या निदान एका शाळेचे असे कागद पाहून त्यांची याद करावी, व शाळेच्या संमतीनें ते सुरक्षित ठिकाणीं ठेवण्याची तजवीज करावी, एवढीच विनंति करून हें टिपण येथें पुरें करितों.